आपाची किडनी

रोगप्रतिकारशक्तीला उर्दूत 'कुव्वत-ए-मुदाफिअत' म्हणतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे हा शब्द दरवर्षी फळ्यावर लिहावा लागतो. मुलांना तो अवघड जात नाही. मुदाफिअत म्हणजे बचाव. शरीराची स्वतःची फौज असते, ती रक्तातून गस्त घालते, परके जंतू दिसले की त्यांच्यावर तुटून पडते, एवढे सांगितले की मुलांना पटते. दुसरा शब्द 'सरतान'. मराठीत कर्करोग. दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच, खेकडा. मुदाफिअत आणि सरतान या दोन गोष्टींचा एकमेकांशी किती जवळचा संबंध आहे, ते मात्र आम्हांला कुठल्या पुस्तकाने नाही, आमच्या मोठ्या भावाच्या दुखण्याने शिकवले. बचावाची फौज दुबळी झाली की कधी कधी तिच्यातलेच काही शिपाई बिघडतात आणि मेंदूत ठाण मांडून बसतात. डॉक्टर त्याला मेंदूचा लिम्फोमा म्हणतात. आजार दुर्मिळ आहे. पण ज्यांच्या घरी किडनी बदललेला माणूस आहे, त्यांनी त्याच्याविषयी ऐकून ठेवलेले बरे, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही सोलापूरचे. भाईजान टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायचे. ऐन तिशीत रक्तदाबाने त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दीड वर्ष डायलिसिस झाला. डॉक्टरांनी सांगितले, घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बघा. अम्मीला साखरेचा आजार, अब्बांचे वय झालेले. आम्ही तपासणी करून घेतली, पण आमच्यापेक्षा आपाचे अधिक जुळले. आपा भाईजानपेक्षा चार वर्षांनी मोठी, दोन मुलांची आई. सासरी थोडी कुरबूर झाली. मोहल्ल्यात प्रश्न निघाला, हे जायज आहे का? जेद्द्याच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८८ साली काही अटींवर अवयव देणे जायज ठरवले आहे. काही उलेमांचे मत वेगळे आहे. आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी एवढेच विचारले, "देनेवाली अपनी खुशी से दे रही है ना?" आपा म्हणाली, "हौ." १९९४ च्या कायद्याप्रमाणे बहीण जवळच्या नात्यात मोडते. कागदपत्रे झाली, जबाब झाले आणि २०११ च्या जूनमध्ये पुण्याच्या एका रुग्णालयात आपाची डावी किडनी भाईजानच्या पोटात उजव्या बाजूला बसवली गेली. ऑपरेशनच्या टेबलावरच लघवी सुरू झाली, असे डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले तेव्हा अब्बांनी तिथेच, जिन्यापाशी, शुक्राचा सजदा केला.

आता शास्त्राचा भाग. शरीराच्या फौजेला शत्रू आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही. बहिणीची किडनी असली तरी तिच्या दृष्टीने ती परकीच. १९५४ साली अमेरिकेत बॉस्टनला जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी किडनी प्रत्यारोपण केले, ते जुळ्या भावांमध्ये. दोघे हुबेहूब जुळे, म्हणून फौजेला किडनी परकी वाटली नाही. ज्यांना असा जुळा भाऊ नाही, त्यांच्यासाठी फौजेलाच थोडे गुंगीत ठेवावे लागते. पुढे त्यासाठी औषधे निघाली. भाईजानना तीन मिळाली : टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडे स्टेरॉइड. ही औषधे किडनी जोवर चालते तोवर, म्हणजे बहुधा जन्मभर, घड्याळ लावून घ्यायची असतात. एखाद्या दिवशी चुकली तर शरीर किडनीवर चालून जाईल. जास्त झाली तर साध्या सर्दीचे न्यूमोनिया होईल. या दोन टोकांच्या मध्ये चालायचे.

भाईजान आठ वर्षे चालले. बाहेरचे पाणी नाही, कापून ठेवलेले फळ नाही, जत्रा-उरूस नाही. गर्दीत तोंडाला मास्क. कारखान्यात पोरे त्यांना 'डॉक्टरसाब' म्हणून चिडवायची. दरवर्षी जूनमध्ये त्या तारखेला भाईजान आपाच्या घरी मिठाईचा डबा आणि टॉवेलची जोडी घेऊन जायचे. आपा म्हणायची, "मेरे घर में अब टॉवेलां रखने कू जागा नइं रही."

२०१९ च्या फेब्रुवारीत हिशेबात चुका होऊ लागल्या. शेठ भले माणूस, त्यांनी घरी निरोप पाठवला की भाईंना थोडी विश्रांती द्या. भाभी सांगू लागली की चिडतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात. आम्हांला वाटले, मुलीच्या शिक्षणाची काळजी. घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटले, नजर. एका नातेवाइकाने पाणी दम करून आणले. खरी गोष्ट अब्बांच्या लक्षात आली. ते म्हणाले, "हा वुजू अर्धाच करतो." आम्ही पाहिले. भाईजान उजवा हात कोपरापर्यंत तीन वेळा नीट धुवायचे आणि डावा हात धुवायचाच राहायचा. उजवा पाय धुवायचे, डावा तसाच. आठवण करून दिली की म्हणायचे, धुतला ना. जेवतानाही ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. हा विसरभोळेपणा नव्हता. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की माणसाच्या लेखी जगाची डावी बाजूच नाहीशी होते.

एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागात एक मोठी गाठ दिसली. कडेने पांढरी, मध्ये काळी, अंगठीसारखी. गावातल्या एका डॉक्टरांनी सांगितले, टीबीची गाठ आहे. आपल्या देशात मेंदूत अशी अंगठी दिसली की टीबीची शंका आधी येणारच, कारण टीबी सर्रास आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीमुळेही अशीच अंगठी दिसते. लिम्फोमाही तशीच दिसतो. नुसत्या फोटोवरून तिघांत फरक करणे तज्ज्ञांनाही कठीण जाते. भाईजानना टीबीची औषधे सुरू झाली आणि मेंदूची सूज उतरावी म्हणून जोरकस स्टेरॉइड.

दहा दिवसांत चमत्कार झाला. डोके दुखायचे थांबले, डावा हात पुन्हा हिशेबात आला. भाभीने खीर केली. पण पाच आठवड्यांत सारे परत आले, आणि या वेळी भाईजान डाव्या पायाने अडखळूही लागले. पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले आणि आधी हेच विचारले, "स्टेरॉइड किती दिवस चालू आहे?" मेंदूचा लिम्फोमा स्टेरॉइडने बर्फासारखा वितळतो, पण थोड्या दिवसांपुरता. दुखणे बरे झाले असे वाटते, आणि त्या काळात सुईने गाठीचा तुकडा काढला तर त्यात काहीच सापडत नाही. म्हणून जिथे लिम्फोमाची शंका असते आणि जिवाला लगेच धोका नसतो, तिथे तुकडा काढण्याआधी हे औषध टाळतात. शिवाय टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी खाली आणते, म्हणजे किडनीलाही धोका झाला होता.

मोठे स्टेरॉइड हळूहळू कमी करून तीन आठवडे थांबावे लागले. ते दिवस फार वाईट गेले. मग डोक्याला चौकट बसवून, कवटीला लहानसे भोक पाडून सुईने तुकडा काढला. पाठीच्या कण्यातले पाणी तपासले. डोळ्यांचे पडदे तपासले, कारण हा आजार डोळ्यातही उतरतो. रिपोर्टवर शब्द होते : डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, ईबीव्ही पॉझिटिव्ह.

ईबीव्ही म्हणजे एपस्टाइन-बार विषाणू. त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९५८ साली युगांडात डेनिस बर्किट नावाच्या सर्जनने लहान मुलांच्या जबड्यात वाढणाऱ्या गाठींचे वर्णन लिहिले. १९६१ मध्ये लंडनला त्यांचे व्याख्यान ऐकायला अँथनी एपस्टाइन बसले होते. त्यांना शंका आली की यामागे विषाणू असावा. १९६४ मध्ये एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना त्या गाठीच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू दिसला. माणसाच्या कर्करोगाशी नाते सापडलेला हा पहिला विषाणू. पण तो काही युगांडापुरता नाही. जगातल्या दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आहे. आमच्यात असेल, वाचकहो, तुमच्यातही असेल. लहानपणी लाळेवाटे येतो, थोडा ताप देतो किंवा तेही नाही, आणि मग बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींत जन्मभर मुकाट बसून राहतो. टी-पेशी नावाच्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा ठेवतात. पहारा चोख असेल तोवर काही होत नाही.

किडनी टिकावी म्हणून जी औषधे देतात, ती नेमकी या पहारेकऱ्यांनाच गुंगवतात. मग काही जणांत, फार थोड्या जणांत, विषाणू असलेल्या बी-पेशी मोकाट वाढू लागतात. बहुतेकदा त्या शरीराच्या इतर भागांत वाढतात. क्वचित मेंदूत. प्रत्यारोपणाला बरीच वर्षे झाल्यावरही हे होऊ शकते. बेलाटासेप्ट नावाचे किडनीसाठीचे एक नवे औषध २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, तेव्हा या धोक्याचा, विशेषतः मेंदूतल्या गाठीचा, ठळक इशारा त्याच्यासोबत छापावा लागला, आणि ज्यांना हा विषाणू पूर्वी कधी झालेला नाही त्यांना ते द्यायचे नाही असे ठरले.

मेंदूचा लिम्फोमा प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्यांनाही होतो, बहुधा उतारवयात, पण त्यांच्यात हा विषाणू क्वचितच सापडतो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्यांत मात्र तो जवळजवळ नेहमी सापडतो. आणि या दुसऱ्या गटातले सर्वांत अधिक रुग्ण जगाने पाहिले ते एड्सच्या साथीत. टी-पेशींतल्या ज्या जातीवर एचआयव्ही हल्ला करतो, तिची संख्या पन्नासाखाली गेली की हा आजार डोके वर काढतो. १९९६ पासून एकत्रित औषधांचा उपचार आला आणि हे प्रमाण झपाट्याने उतरले. भारतात ही औषधे सरकारी केंद्रांतून १ एप्रिल २००४ पासून फुकट मिळू लागली.

हे सांगण्याचे कारण आहे. आजाराचे नाव मोहल्ल्यात पोहोचले. कुणीतरी मोबाइलवर वाचले की हा एड्सवाल्यांना होतो. शेजारच्या बायका भाभीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. एकीने तर येऊन विचारलेच. आमचा धाकटा चुलतभाऊ म्हणाला, एचआयव्हीचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, त्याची झेरॉक्स मशिदीच्या फलकावर लावू. भाभी म्हणाली, "नक्को. आज हमने लगाया तो कल जिसका पॉझिटिव्ह है, वो क्या लगाएगा?" वॉर्डात भाईजानच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण ड्रायव्हर होता. त्याचीही गाठ मेंदूतच. त्याची बायको आजाराचे नाव घेत नसे, भाभीने कधी विचारले नाही. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या. तो पंधरा दिवसांत गेला. शेवटचे सामान भाभीने बांधून दिले.

आता निर्णयाचा दिवस. किडनीचे डॉक्टर आणि कर्करोगाच्या डॉक्टरीणबाई दोघांनी आम्हांला एकत्र बसवले. त्यांनी सांगितले ते असे. पहिला इलाज म्हणजे फौजेला पुन्हा जागे करणे, प्रत्यारोपणाची औषधे कमी करणे. १९८४ साली थॉमस स्टार्झल यांनी अमेरिकेत दाखवून दिले होते की नुसती ही औषधे कमी केली तरी अशा काही गाठी विरतात. पण मेंदूतल्या गाठीला तेवढे क्वचितच पुरते, आणि फौज जागी झाली की ती किडनीवरही जाणार. दुसरा इलाज मेथोट्रेक्सेट. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक पडदा असतो, पुष्कळशी औषधे तो ओलांडू शकत नाहीत. मेथोट्रेक्सेट भरपूर मात्रेत दिले तर ओलांडते. पण ते शरीराबाहेर पडते किडनीवाटे आणि किडनीलाच इजा करते. इथे किडनी एकच, तीही बहिणीची, आठ वर्षे वापरलेली. तिसरा इलाज संपूर्ण मेंदूला किरण देणे. त्याने गाठ जाते, पण पुढे स्मरणशक्ती ढासळण्याचा धोका मोठा. ऑपरेशन करून गाठ काढून टाकण्यात अर्थ नाही, कारण तिची मुळे दिसते त्यापेक्षा दूरवर पसरलेली असतात.

म्हणजे मेंदू वाचवायचा तर किडनी पणाला लावायची. सगळे आपाकडे पाहू लागले. भाभी बोलेना. भाईजान तेव्हा निम्मे भानावर होते. ते म्हणाले, "आपा की किडनी कू कुछ नइं होना." हेच दोनदा, तीनदा म्हणाले.

आपा पदराला हात पुसत होती. ती डॉक्टरांना म्हणाली, "मैंने भाई कू बचाने कू किडनी दी. किडनी बचाने कू नइं दी." मग आमच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "सही कुठे करायची ते विचार यांना." सही भाभीची लागणार होती. भाभीने केली.

मायकोफेनोलेट बंद झाले. टॅक्रोलिमस अगदी कमी केले. मेथोट्रेक्सेटची मात्रा किडनीच्या कुवतीप्रमाणे घटवली आणि त्याच्या जोडीला बी-पेशींवर मारा करणारे रिटुक्सिमॅब दिले. मेथोट्रेक्सेट देण्यासाठी दर वेळी दाखल व्हावे लागे. आधी सोड्याचे सलाईन लावून लघवी अल्कधर्मी करायची, मग औषध द्यायचे, मग दुसऱ्या दिवसापासून ल्यूकोव्होरिन नावाचे त्याचे उतारऔषध, आणि रक्तातली पातळी उतरेपर्यंत रोज तपासणी. आमच्या विज्ञानाच्या वर्गात लिटमस कागदाला फार तर एक तास मिळतो. इथे भाईजानचा मुलगा दर लघवीला कागदाची पट्टी बुडवून रंग वहीत लिहायचा, रात्री दोन वाजताही. पाच वेळा असे झाले. दर वेळी क्रिएटिनीन थोडे चढायचे. १.६ वर होते, ते २.९ वर जाऊन थांबले. सप्टेंबरच्या एमआरआयमध्ये गाठीच्या जागी फक्त व्रण उरला होता.

पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, सगळ्या जगाने तोंडाला मास्क लावला. भाईजान म्हणाले, "मी नऊ वर्षं लावतोय, मला कुणी शाबासकी दिली नाही." ते हसले, तेव्हा आमच्या ध्यानात आले की विनोद करण्याइतके ते परत आले आहेत. किडनी मात्र थकत गेली. २०२१ च्या जानेवारीत डायलिसिस पुन्हा सुरू झाला, आठवड्यातून तीन वेळा. आपाची किडनी साडेनऊ वर्षे चालली. ती बंद पडली त्या दिवशी आपाला कुणी फोन करायचा, यावर घरात अर्धा तास गेला. शेवटी भाईजाननी स्वतः केला. आपाने विचारले, "जेवलास का?" दुसरे काही बोलली नाही. तो जूनचा डबा अजून जातो. आता भाईजान डायलिसिसचा वार टाळून जातात, एवढेच.

ते आज कारखान्यात जात नाहीत. मोठ्या बेरजा जमत नाहीत, माणसांची नावे निसटतात. घरातली वाण्याची वही लिहितात. वुजू दोन्ही हातांचा होतो. पुन्हा प्रत्यारोपण होईल का, यावर डॉक्टर म्हणतात की गाठ गेल्यावर काही वर्षे शांततेत जावी लागतात आणि मग धोका तोलून ठरवावे लागते. कारण नवी किडनी म्हणजे पुन्हा तीच औषधे, पुन्हा पहारा सैल. भाईजान या विषयावर बोलत नाहीत. भाभीला विचारले तर म्हणते, अल्लाह मालिक आहे, तोवर मंगळवार, गुरुवार, शनिवार तर आहेतच.

वाचकांपैकी कुणाच्या घरी किडनी, यकृत किंवा दुसरा अवयव बदललेला माणूस असेल, किंवा एचआयव्हीसह जगणारे कुणी असेल, तर दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो. हे वाचून घाबरून औषधे आपल्या मनाने बंद करू नका. ती बंद केल्याने अवयव गमावणारे पुष्कळ असतात, हा आजार होणारे फार थोडे. एचआयव्हीच्या औषधांचे तर उलटे आहे, ती नियमित घेणे हाच या आजारापासूनचा बचाव आहे. पण अशा माणसाचा स्वभाव काही आठवड्यांत बदलला, हिशेब चुकू लागला, एक बाजू दुबळी पडली, झटका आला, तर नजर, ताण, वय असले काही म्हणून थांबू नका. दम केलेले पाणी द्यायचे तर द्या, आणि त्याच दिवशी एमआरआयही करून घ्या. डॉक्टर कुठलेही असोत, अवयव बदललेला आहे आणि अमुक औषधे चालू आहेत, हे पहिल्या वाक्यात सांगा. गाठ दिसली तर तुकडा तपासायचा का आणि स्टेरॉइड त्याआधी द्यायचे की नंतर, हे विचारायला संकोच करू नका. प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

भाईजानच्या खिशात एक कार्ड असते. त्यावर आजाराचे नाव, औषधांची यादी आणि घरचा फोन नंबर आहे. एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत. अक्षर त्यांचेच आहे, थोडे उजवीकडे सरकलेले, पण कुणालाही वाचता येईल असे.